जुन्या मोटारीतील लहरी एसी आणि त्याचे निदान

जुन्या मोटारीचा एसी कायमचा बंद पडणे आणि तो कधी चालणे, कधी न चालणे हे दोन निरनिराळ्या जातीचे बिघाड असून अनुभवी कारागिरालाही त्यांपैकी दुसराच अधिक त्रास देतो. कारण बंद पडलेल्या यंत्रणेत जळालेला, तुटलेला किंवा गळका भाग तपासणीच्या वेळी जागेवरच सापडतो, तर लहरी एसी गॅरेजच्या सावलीत गाडी लागताच गार हवा देऊ लागतो आणि तक्रार घेऊन आलेला मालक उगाच खोटा ठरतो. अशा प्रसंगी ‘गॅस थोडा कमी असेल’ असा निर्वाळा देऊन गॅस भरण्याची आणि गाडी परत पाठवण्याची पद्धत गावोगावच्या गॅरेजांत रूढ झाली आहे. हा निर्वाळा दर वेळी चुकीचा असतो असे नाही. परंतु पुष्कळदा तो तपासणी टाळण्यासाठीच दिलेला असतो, आणि त्यामुळे मूळ दोष तसाच राहून त्यावर जास्तीच्या गॅसचा दुसरा दोष चढतो. वस्तुतः मधूनच उद्भवणारा बिघाड क्वचितच खरोखर लहरी असतो. तो उष्णता, वेग, हवेतील दमटपणा किंवा प्रवासाचा कालावधी यांपैकी एखाद्या अटीला बांधलेला असतो, आणि ती अट ओळखता आली की संशयित भागांची लांबलचक यादी दोन-तीन नावांवर येते.

येथील विवेचन मुख्यतः १९९० ते २०१० या काळात भारतीय रस्त्यांवर आलेल्या, म्हणजे मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका यांच्या पिढीतील गाड्यांना लागू पडते. त्याआधी अॅम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्यांत डॅशबोर्डखाली एसीचे वेगळे युनिट बाहेरून बसवून घेण्याची पद्धत होती, आणि त्यानंतरच्या अनेक गाड्यांत क्लचशिवाय सतत फिरणारा, स्वतःची क्षमता कमीजास्त करणारा कॉम्प्रेसर आला, ज्याच्या तपासणीची रीत वेगळी आहे. मधल्या पिढीची यंत्रणा मात्र बरीचशी एकसारखी, पट्ट्यावर चालणारी आणि विजेच्या क्लचने जोडली-सोडली जाणारी असल्यामुळे तिचे दोषही ठरावीक साच्यातले असतात.

या यंत्रणेचे तत्त्व थोडक्यात असे सांगता येईल. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायुरूप शीतकाला, म्हणजे बोलीत ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात त्या द्रव्याला, दाबून तप्त करतो. हा तप्त वायू गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होतो. तो द्रव ड्रायर नावाच्या डबीतून, जिथे त्यातील ओलावा शोषला जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रापर्यंत येतो. आणि छिद्रापलीकडे दाब एकदम उतरल्यामुळे डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होताना तो केबिनमधील हवेची उष्णता शोषून घेतो. त्यानंतर वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे जाते. या चक्रात गॅस जळत नाही, झिजत नाही किंवा वापरला जात नाही, आणि म्हणून ‘गॅस संपला’ या वाक्याचा तांत्रिक अर्थ एकच होऊ शकतो, तो म्हणजे गॅस कुठून तरी गळाला. जुन्या गाडीत रबरी पाइपांमधून आणि सांध्यांतील रिंगांमधून वर्षानुवर्षे थोडा गॅस झिरपतो हे खरे असले, तरी दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर तिथे झिरपण्याच्या पलीकडची गळती आहे असेच समजले पाहिजे.

निदानाचा पहिला प्रश्न इतका साधा आहे की तो सहसा विचारलाच जात नाही: त्रास होतो तेव्हा जाळीतून येणारी हवा कमी होते, की हवा तेवढीच येत राहून तिचा गारवा जातो? हवाच थांबत असेल तर दोष ब्लोअरच्या मोटरमध्ये, तिच्या वेग बदलणाऱ्या रेझिस्टरमध्ये किंवा कॉइलवर साचलेल्या बर्फात शोधायचा असतो, आणि तिथे गॅसचा दाब तपासून काहीही हाती लागत नाही. हवा पूर्ववत असून गारवा जात असेल तर दुसरा प्रश्न येतो, तो असा की त्या क्षणी कॉम्प्रेसरचा क्लच ओढलेला आहे की सुटलेला. बॉनेट उघडून कॉम्प्रेसरच्या पुलीकडे पाहिले असता, बाहेरची कडी पट्ट्याबरोबर सतत फिरत असते आणि मधली चकती केवळ क्लच ओढला गेल्यावर फिरते. चकती थांबलेली दिसली तर कॉम्प्रेसर काम करत नाही, आणि फिरत असूनही गारवा नसेल तर दोष गॅसच्या चक्रात किंवा हवेच्या वाटेत आहे. हे पाहणे जेवढे सोपे तेवढेच वेळेवर करणे अवघड, कारण बिघाड उपस्थित असतानाच ते करावे लागते.

पाळीच्या तापात डॉक्टर ताप उतरलेल्या रोग्याला जसा तो कोणत्या वेळी आणि कशानंतर चढतो हे विचारतो, तशीच चौकशी येथेही करावी लागते. गाडी उभी असताना एसी जातो की धावताना, दुपारी की पहाटे, निघाल्यावर पाच मिनिटांत की तासाभराने, गाडी तापलेली असताना पुन्हा सुरू केल्यावर की थंड इंजिनावर, आणि एकदा गेल्यावर तो किती वेळाने परत येतो, एवढ्या गोष्टी मालकाने आठवडाभर टिपून ठेवल्या तर त्या कागदाचे मोल एखाद्या महागड्या तपासणीपेक्षा कमी नसते. त्याचे कारण या यंत्रणेच्या रचनेतच आहे: कॉम्प्रेसरला किंवा इंजिनाला इजा होऊ नये म्हणून अनेक ठिकाणी संरक्षक स्विच बसवलेले असतात, त्यांपैकी प्रत्येक जण आपापल्या परिस्थितीत क्लचचा प्रवाह तोडतो, आणि त्यामुळे लहरी वाटणारे पुष्कळसे एसी प्रत्यक्षात कुठल्या ना कुठल्या संरक्षणाची आज्ञा पाळत असतात.

या संरक्षकांमध्ये प्रेशर स्विचचे स्थान पहिले. जपानी आणि कोरियन धाटणीच्या गाड्यांत तो सामान्यतः जास्त दाबाच्या बाजूला, ड्रायरवर किंवा त्याच्या जवळच्या पाइपावर असतो, आणि दाब सुमारे २८ पीएसआयच्या खाली घसरला, म्हणजे गॅस जवळपास निघून गेला, किंवा ४५० पीएसआयच्या आसपास चढला, तर क्लच सोडवतो. काही स्विचांत २२० पीएसआयच्या सुमारास कंडेन्सरचा पंखा चालू करणारा तिसरा टप्पाही असतो. अमेरिकन गाड्यांत मात्र व्हॉल्व्हऐवजी बारीक नळी आणि कमी दाबाच्या बाजूला स्विच अशी रचना फार प्रचलित होती, आणि गॅस कमी झाल्यावर तिथे क्लच काही सेकंदांच्या अंतराने टक-टक करत जोडला-सोडला जातो. तिकडच्या मार्गदर्शक पुस्तकांतील हे लक्षण इथल्या गाडीवर जसेच्या तसे लावले जाते आणि त्यातून घोटाळे होतात.

आता सर्वांत परिचित तक्रार घ्यावी: गाडी धावत असताना एसी उत्तम, पण सिग्नलला किंवा सायन-पनवेल मार्गावरील कोंडीत उभी राहिली की पाच-दहा मिनिटांत गारवा नाहीसा. धावत्या गाडीत कंडेन्सरवर वाऱ्याचा झोत आपोआप येतो, उभ्या गाडीत तो पंख्यालाच आणावा लागतो, आणि म्हणून पंखा न फिरणे, मंद फिरणे किंवा कंडेन्सरच्या पापुद्र्यांत धूळ-चिखल-किडे अडकलेले असणे या तिन्ही कारणांनी उष्णता बाहेर पडत नाही. नागपूर-चंद्रपूरकडील ४५ अंशांच्या दुपारी निरोगी यंत्रणेतही कंडेन्सरमधील गॅस साधारण ६५ अंशांवर द्रवरूप होतो आणि आर-१३४ए या प्रचलित शीतकासाठी त्याचा अर्थ सुमारे २६० पीएसआय दाब असा होतो. पंखा निकामी होऊन तेच तापमान ८५-९० अंशांपर्यंत गेले तर दाब ४०० पीएसआयच्या पलीकडे जातो आणि स्विच क्लच सोडवतो. गाडी पुन्हा धावू लागली की दाब उतरतो, क्लच ओढला जातो आणि सगळे पूर्ववत होते, म्हणून मालकाला वाटते की बिघाड आपोआप बरा झाला. पंख्याच्या मोटरमधील कार्बन ब्रश झिजले असतील तर पंखा कधी फिरतो, कधी टिचकी मारल्यावर फिरतो, आणि गॅरेजमध्ये नेमका फिरतो.

पण गॅस कमी असतानाही लक्षण हेच दिसते, आणि इथेच निदानाची खरी कसोटी लागते. उभ्या गाडीत कॉम्प्रेसर मंद फिरतो, अपुरा गॅस कॉइलभर पोहोचत नाही, वेग वाढताच थोडा गारवा येतो. म्हणजे दोन परस्परविरुद्ध कारणे एकच तक्रार निर्माण करतात. दोहोंना वेगळे करणारा पुरावा गेजवर असतो: पंख्याचा किंवा कंडेन्सरचा दोष असेल तर जास्त दाबाच्या बाजूचा काटा वर चढत जातो, गॅस कमी असेल तर दोन्ही काटे खाली असतात. गेज हाताशी नसेल तर वाहनधारकाला करता येण्याजोगी एक चाचणी आहे, ती अशी की गाडी उभी ठेवून, एसी चालू असताना, समोरून कंडेन्सरवर पाण्याची बारीक धार सोडावी. मिनिटभरात गारवा परतला तर उष्णता बाहेर न पडणे हाच दोष आहे आणि गॅस भरून तो जाणार नाही.

उलट अशा गाडीत गॅस भरला तर दोष वाढतो. प्रमाणापेक्षा जास्त गॅस असलेल्या यंत्रणेत कंडेन्सरची काही जागा द्रवाने व्यापली जाते, उष्णता सोडायला उरलेली जागा कमी पडते आणि दाब आधीच चढा राहतो; असा एसी रात्री आणि सावलीत झकास चालतो व भर दुपारच्या कोंडीत ट्रिप होतो. मग मालक पुन्हा गॅरेजमध्ये जातो आणि पुन्हा गॅस भरून घेतो. छोट्या गाड्यांत एकूण गॅस अर्ध्या किलोच्या आसपासच असल्याने शंभर ग्रॅमची चूकही मोठी ठरते, आणि ही चूक बंद गाडीत दाब पाहून पकडता येत नाही. कारण यंत्रणेत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी स्थिर दाब केवळ तापमानावर ठरतो, म्हणजे २५ अंशांना सुमारे ८० आणि ३५ अंशांना सुमारे ११५ पीएसआय, मग गॅस पाव किलो असो की अर्धा किलो. ‘दाब बरोबर आहे म्हणजे गॅस बरोबर आहे’ हे विधान त्यामुळे निरर्थक आहे. गॅस मोजायचा तो वजनानेच.

दुसरा नमुना असा: सकाळी निघताना एसी चालतो, तासभराच्या प्रवासानंतर किंवा पेट्रोल पंपावर गाडी बंद करून लगेच सुरू केल्यावर तो येत नाही, आणि गाडी निवल्यावर पुन्हा येतो. या वेळी संशयाचा रोख कॉम्प्रेसरच्या क्लचकडे वळवावा. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९४० च्या मॉडेलसाठी कारखान्यातूनच एसी बसवून दिला तेव्हा त्याला क्लच नव्हता आणि थंडी नको असेल तर बॉनेट उघडून पट्टा उतरवावा लागे. क्लचने ती अडचण सोडवली, परंतु त्याबरोबर झिजणारा आणखी एक भागही आणला. क्लच म्हणजे मूलतः विद्युतचुंबक असतो: तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर प्रवाह गेला की ते समोरची पोलादी चकती पुलीवर ओढून धरते. चकती आणि पुली यांमधील फट नव्या कॉम्प्रेसरवर साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर ठेवलेली असते, पण हजारो वेळा जोडले-सोडले गेल्याने दोन्ही पृष्ठभाग झिजतात आणि फट वाढत जाते. त्यातच तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढत असल्याने, ३० अंशांवरचे वेटोळे इंजिनाच्या धगीत ११० अंशांवर गेले की प्रवाह जवळपास चौथ्या भागाने घटतो, आणि चुंबकाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती साठ टक्क्यांवर येते. थंड असताना वाढलेली फट कशीबशी पार करणारा चुंबक तापल्यावर ती पार करू शकत नाही, एवढेच या ‘लहरी’चे रहस्य आहे.

याची खातरजमा करण्याची कारागिरांची जुनी रीत अशी की बिघाड उपस्थित असताना, लांब लाकडी दांड्याने, पट्टा आणि पंखा यांपासून हात व कपडे पूर्ण दूर ठेवून चकतीला समोरून हलका धक्का द्यायचा. तेवढ्याने क्लच खटकन ओढला गेला आणि धरून राहिला तर फट वाढली आहे हे जवळपास निश्चित. चालत्या इंजिनाजवळचे हे काम धोक्याचे असल्याने ते हौशी माणसाने करू नये. इंजिन बंद करून फिलर गेजने फट मोजणे अधिक सुरक्षित आणि अधिक अचूक आहे. अनेक कॉम्प्रेसरांवर चकतीमागे पातळ वॉशर, म्हणजे शिम, असतात आणि त्यांतील एक काढला की फट पूर्ववत होते. पृष्ठभाग जळून निळा पडला असेल किंवा पुलीचे बेअरिंग आवाज करत असेल तर मात्र क्लचचा संच बदलावा लागतो. एवढ्याशा वॉशरच्या कामासाठी संपूर्ण कॉम्प्रेसर बदलल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि नवा कॉम्प्रेसर नव्या क्लचसह येत असल्यामुळे बिघाड खरोखर जातो व चुकीचे निदान बरोबर ठरल्यासारखे दिसते.

क्लचवर ठपका ठेवण्यापूर्वी त्याच्यापर्यंत वीज पोहोचते की नाही हे पाहणे आवश्यक आहे. एसी बंद पडलेल्या क्षणी क्लचच्या तारेवर बॅटरीइतका व्होल्टेज, म्हणजे चालू इंजिनावर सुमारे १४ व्होल्ट, मिळत असेल तर दोष क्लचमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. दहा-अकरा व्होल्टच मिळत असतील तर वाटेतला एखादा सांधा गंजलेला आहे. काहीच मिळत नसेल तर रिले, फ्यूज, प्रेशर स्विच, तापमानाचा सेन्सर किंवा नियंत्रक यांपैकी कोणी तरी प्रवाह अडवलेला आहे. रिलेच्या आतील संपर्कबिंदू ठिणग्यांनी खडबडीत होतात किंवा त्याच्या डाखात केसाएवढी भेग जाते, आणि खड्ड्यातून गाडी गेली की एसी बंद किंवा सुरू होण्याचा चमत्कार तिथूनच घडतो. गाडीतील दुसऱ्या उपकरणाचा अगदी तसाच रिले तात्पुरता अदलाबदल करून पाहणे ही यावरची बिनखर्चाची चाचणी आहे. बिघाड गॅरेजमध्ये दिसतच नसेल तर क्लचच्या तारेवरून फ्यूज लावलेली एक बारीक तार केबिनमध्ये आणून तिथे लहानसा दिवा जोडावा, असे केले की चालकाला रस्त्यावरच कळते की गारवा गेला तेव्हा दिवा पेटलेला होता की विझलेला. या एका निरीक्षणाने शोध अर्ध्यावर येतो. दिवसभर गाडी अडवून ठेवणाऱ्या गॅरेजपेक्षा हा दिवा अधिक कामाचा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कोकणात आणि गोव्यात, विशेषतः पावसाळ्यात, वेगळाच नमुना भेटतो. रत्नागिरी-पणजीसारख्या लांब प्रवासात पहिला पाऊण तास एसी उत्तम चालतो, नंतर ब्लोअरचा आवाज तसाच राहून जाळीतली हवा क्षीण होत जाते, आणि एसी दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवला की सगळे पुन्हा ठीक होते व गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी सांडते. येथे दमट हवेतील बाष्प कूलिंग कॉइलवर गोठून बर्फाचा थर हवेची वाट अडवत असतो. असे होऊ नये म्हणून कॉइलमध्ये तापमान मोजणारा थर्मिस्टर किंवा जुन्या रचनेतला थर्मोस्टॅट असतो, जो तापमान शून्याच्या थोडे वर असतानाच कॉम्प्रेसर तोडतो. तो निकामी झाला, किंवा दुरुस्तीच्या वेळी त्याची सुई पापुद्र्यांतून निसटून भलत्या जागी राहिली, तर कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो आणि बर्फ साठतो. धुळीने तुंबलेला केबिन फिल्टरही हाच परिणाम घडवतो; अनेक जुन्या गाड्यांत हा फिल्टर नसेच, त्यामुळे वर्षांची धूळ थेट कॉइलवर बसलेली असते आणि डॅशबोर्ड खोलून कॉइल धुतल्याशिवाय इलाज नसतो.

बर्फाचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याच्याशी वरील प्रकाराची गल्लत करू नये. यंत्रणा उघडून दुरुस्त करताना आत ओलावा राहिला असेल तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्राशी गोठतो, गॅसचा मार्ग बंद होतो, कमी दाबाचा काटा शून्याखाली जातो, काही मिनिटांत बर्फ वितळतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. येथे हवेचा झोत कमी होत नाही, फक्त गारवा येतो-जातो. याची मुळे बहुधा मागच्या दुरुस्तीत असतात: ड्रायर न बदलणे आणि व्हॅक्यूम पुरेसा वेळ न मारणे. पाणी २५ अंशांवर उकळून वाफ होण्यासाठी दाब वातावरणाच्या सुमारे तिसाव्या भागापर्यंत उतरवावा लागतो, म्हणून चांगल्या पंपाने किमान अर्धा तास व्हॅक्यूम आणि त्यानंतर काटा हलतो की स्थिर राहतो हे पाहणे, यात काटकसर चालत नाही.

काही वेळा मात्र बिघाड नसतोच. बोरघाट, खंबाटकी किंवा आंबोलीचा चढ चढताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की अनेक छोट्या गाड्यांचा नियंत्रक इंजिनाची सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून काही सेकंद कॉम्प्रेसर तोडतो, आणि ७९६ सीसीच्या इंजिनावर हे शहाणपणाचेच आहे. तथापि कूलंटचे तापमान धोक्याच्या पातळीला पोहोचल्यामुळेही एसी तोडला जातो, आणि तसे वारंवार होत असेल तर ती एसीची तक्रार म्हणून न घेता तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह किंवा कमी झालेला कूलंट यांची सूचना म्हणून घ्यावी. क्लच फिरत असताना, डॅशबोर्डकडे जाणारा जाड पाइप हाताला थंडगार लागत असताना आणि तरीही आत कोमट हवा येत असताना हीटरच्या झडपेची केबल किंवा तिला हलवणारी छोटी मोटर पाहावी. बाकी काही उघडू नये.

गॅसच्या प्रकाराविषयी थोडे सांगणे भाग आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या बहुतेक गाड्या आर-१२ या शीतकावर चालत, जे ओझोनच्या थराला घातक असल्याने १६ सप्टेंबर १९८७ च्या माँट्रियल कराराखाली हटवले गेले. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला आणि २०१० पर्यंत या वर्गातील शीतकांचा पुरवठा येथे थांबला. अशी गाडी आर-१३४ए वर आणताना जुने खनिज तेल काढून नव्या गॅसला चालणारे तेल घालणे, ड्रायर आणि रिंगा बदलणे आवश्यक असते, कारण जुने तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही आणि कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही; नुसता गॅस बदललेल्या गाडीत कॉम्प्रेसर तापून मधूनच जाम होऊ लागतो. आर-१३४ए स्वतः ओझोनला निरुपद्रवी असले तरी हरितगृह वायू म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे, आणि माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिल्यामुळे त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने घटणार आहे; तेव्हा गळकी यंत्रणा दरवर्षी भरत राहणे हा केवळ खिशाचा प्रश्न राहिलेला नाही. स्वस्त मिश्र गॅस भरून घेण्याचा धोका तर उघड आहे. मिथिल क्लोराइडची भेसळ असलेल्या शीतकाने अॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन २०११ मध्ये जहाजी शीत-कंटेनरांत स्फोट झाले होते आणि त्यांत कामगार दगावले होते.

या सर्वांचा व्यवहारातला क्रम असा लागतो की आधी टिपण, मग क्लचकडे नजर, मग व्होल्टेज, मग पंखा व कंडेन्सर, आणि त्यानंतरच गेज. गेजवर गॅस खरोखर कमी निघाला तर सांध्यांपाशी तेलकट डाग शोधणे, साबणाचे पाणी किंवा चमकणारा रंग वापरून, अगर कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन गळती पकडणे हे भरण्याआधी झाले पाहिजे. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची साधी हवा यासाठी कदापि वापरू नये. असा क्रम पाळणारे कारागीर महाराष्ट्रात भरपूर आहेत, मात्र त्यांचा तपासणीचा वेळ फुकट मिळावा ही ग्राहकाची अपेक्षा त्यांना गॅस भरण्याच्या सोप्या धंद्याकडे ढकलते. तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत. आणि बिलावर ‘गॅस चार्जिंग’ एवढेच न लिहिता किती ग्रॅम गॅस काढला, किती ग्रॅम भरला आणि दोन्ही बाजूंचा दाब किती होता, हे वाहनधारकाने लिहून घ्यावे.